टाको मसाला आणि सुनेचा खोकला

यंदा कांदा-लसूण मसाला करायचा नाही, टाकोचा मसाला करायचा, असं महानंदानं नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं आणि महांतेशांच्या हातातला इडलीचा तुकडा सांबारात पडला.

"टाकोचा? काय टाकोचा?"

"टाको हो, टाको. मुग्धा खाते ते. मक्याची कडक पोळी, मधोमध दुमडलेली, आत राजमा आणि वर कसला कसला पाला."

"आणि आपला मसाला?"

"दरवर्षी तेच तेच काय? कंटाळा येतो माणसाला."

कंटाळा! आता या बाईला मसाल्याचा कंटाळा यावा म्हणजे काय म्हणायचं? निपाणीहून लग्न होऊन बेंगळुरात आली, बनशंकरीत आजूबाजूला मोकळं रान होतं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती गच्चीवर संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांची पोती उघडून बसायची. सीमाभागातून नोकरीसाठी इथं आलेली किती घरं तिच्या मसाल्यावर जेवायची. पण महांतेशांनी बायकोशी वाद न घालण्याचं निवृत्तीनंतर ठरवून टाकलं होतं. त्यांनी सांबारातून तुकडा बोटानं बाहेर काढला आणि खाल्ला.

मुलगा शिवकुमार फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "मस्त, आई." झालं, त्याचा संबंध संपला.

सून मुग्धा मात्र चमचा खाली ठेवून सासूकडे बघत राहिली. मुग्धा पुण्याची. कोरमंगल्यात नोकरीला, आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिसात आणि बाकीचे घरातूनच, आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून. "अहो आई, खरंच करताय? मग मी रविवारी टीमला लंचला बोलावू का? टाकोजच करू."

"बोलाव की. मी काय कुणाला भिते?"

भीतच होती. नुसती भीत नव्हती, फेब्रुवारीपासून तिच्या जिवाला एक क्षण स्वस्थता नव्हती. कारण महानंदाला वास येत नव्हता. कशाचाच येत नव्हता.

फेब्रुवारीत ताप आला आणि गेला, जाताना नाक घेऊन गेला. आधी तिला वाटलं हिंग जुना झालाय. डबी घेऊन ती कोपऱ्यावरच्या पद्मनाभ शेट्टरांच्या दुकानात भांडायला गेली. "काय शेट्टरे, हिंग म्हणून माती विकायला लागलात?" शेट्टरांनी बिचाऱ्यांनी डबी नाकाशी नेली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर शिंकले आणि वाद नको म्हणून नवी डबी हातात ठेवली. नव्या डबीलाही वास नव्हता. मग घरी येऊन तिनं लसूण ठेचला, कॉफीचा डबा उघडला, देवापुढच्या मोगऱ्यात तोंड खुपसलं, शेवटी नवऱ्याचा मोजासुद्धा नाकाला लावून बघितला. काही नाही. नुसती हवा.

बनशंकरीच्या देवीला जाऊन येते असं घरात सांगून ती नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही नाकपुड्यांत बघितलं आणि म्हणाले, "वासने बरबहुदु, अम्मा." म्हणजे वास येऊ शकेल. येईल असं नाही म्हणाले. त्या बरबहुदुचा तिला इतका संताप आला की रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याशी तिनं विनाकारण मीटरवरून हुज्जत घातली.

बरं, घरात सांगायला काय हरकत होती? तुम्ही-आम्ही सांगितलंच असतं. पण सांगितल्यावर पुढे काय होणार ते महानंदाला समोर दिसत होतं. नवरा म्हणाला असता, गॅसपाशी जाऊ नकोस. मुलगा म्हणाला असता, स्वयंपाकाला बाई लावू. प्रेमानंच म्हणाले असते, वाईट त्यात काही नाही. आणि महानंदा सोफ्यावर बसून दिवसभर टीव्ही बघत राहिली असती. तिला त्या सोफ्याची जी धास्ती होती ती रोगाची नव्हती. शिवाय मराठी माणसानं आपली सगळी अब्रू नाकात नेऊन ठेवलीय. बेइज्जत झाली की नाक कापलं जातं, शरण जायचं तर नाक मुठीत धरावं लागतं. ज्या बाईचं सगळ्या आयुष्यात नाव झालं ते नाकामुळं, तिनं नाक गेल्याची दवंडी कुठल्या तोंडानं पिटायची?

घरात पकडले जाण्याचा तसा धोका नव्हता. महांतेशांचं नाक निपाणीच्या तपकिरीनं कॉलेजात असतानाच कामातून गेलं होतं. शिवूसमोर जळकी खिचडी ठेवली तरी तो "मस्त, आई" म्हणून खाऊन उठला असता. जिभेला खारट, आंबट, तिखट कळत होतं, त्यामुळे मिठाचा प्रश्न नव्हता. राहिलं भाजणं आणि फोडणी. तिथं महानंदानं तीन आधार धरले होते. एक डोळा, दुसरा कान आणि तिसरा दुसऱ्याचा ठसका.

हा तिसरा आधार तिला आपोआप सापडला. मिरची भाजायला घेतली की ती पुरती भाजल्याच्या क्षणाला घरात कोणीतरी खोकतंच. पूर्वी हा खोकला ऐकून ती "झाला का नखरा सुरू" म्हणायची. आता ती त्याची वाट बघायला लागली. हातात उलथणं, डोळा तव्यावर आणि कान आतल्या खोलीकडे. खॉक खॉक आलं की गॅस बंद. मुग्धाचा घसा जात्याच नाजूक, तिला ठसका पटकन लागायचा. इतका लागायचा की महानंदाला तिची काळजी वाटायला लागली. "काय गं तुमच्या पुण्याची हवा, जरा फोडणी झाली की खोकता," असं म्हणत ती रोज संध्याकाळी अडुळसा, ज्येष्ठमध आणि मिरी घालून काढा करायची. तो काढा काय वासाचा व्हायचा हे तिला कळायला मार्ग नव्हता. मुग्धा डोळे मिटून पेला रिकामा करायची आणि म्हणायची, "थँक्यू आई, बरं वाटतंय."

असं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण एप्रिल संपत आला आणि सकवारबाईचा फोन आला.

सकवारबाई राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला. तीही निपाणीकडचीच, महानंदाहून वयानं मोठी, म्हणून महानंदा तिला अक्का म्हणायची. दर उन्हाळ्यात ती आपल्या मिरच्या घेऊन यायची आणि दोघी मिळून मसाला करायच्या. मसाला कुटून झाला की दोघींचा एक रिवाज होता. चिमूटभर मसाला तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचे, हुंगायचं आणि काय कमी पडलंय ते सांगायचं. सकवारबाई बरोबर सांगायची, पण महानंदा तिच्याआधी सांगायची. एका वर्षी दगडफूल घालायचं दोघींच्याही डोक्यातून गेलं होतं, ते महानंदानं नुसत्या हुंगण्यावर पकडलं. "बाई आहेस का कोण आहेस!" सकवारबाई म्हणाली होती, आणि पुढं सगळ्या गोतावळ्याला तिनं ते सांगितलं होतं.

ती चिमूट आता नाकाशी धरायची म्हणजे काय करायचं? डोळे मिटून गप्प उभं राहायचं? अंदाजानं धणे म्हणायचं, नाहीतर लवंग? सकवारबाईला एका शब्दात कळलं असतं.

म्हणून टाको. मुग्धाच्या फडताळात टाको सीझनिंगची पाकिटं असायची. एक दिवस महानंदानं चष्मा लावून पाकिटाची पाठ वाचली. मिरची, जिरं, कांद्याची पूड, लसणाची पूड, ओरेगानो, मीठ, साखर. अगं बाई, हा तर आपलाच मसाला, परदेशात जाऊन सडपातळ होऊन आलेला! आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कांदा-लसूण मसाल्याचा वास कसा असायला हवा हे सकवारबाईला पाठ आहे. टाकोचा वास कसा असायला हवा हे तिला कुठं ठाऊक आहे? ती काय सांगणार, काय कमी पडलं ते? जिथं कुणालाच काही माहीत नाही तिथं महानंदा पूर्वीइतकीच हुशार.

फोनवर तिनं ते ऐटीत सांगितलंही. "अक्का, यंदा ते न्हाई करायलो. यंदा टाको करायलोय."

"ते काय असतंय?"

"परदेशी असतंय. तुला न्हाई कळायचं."

सकवारबाई म्हणाली, "मग बघाय येतेच की. शुक्रवारी येते." आणि फोन ठेवून दिला. महानंदा तिथंच उभी राहिली, फोन कानाला तसाच.

त्या दिवसापासून घरात कुणाला थारा राहिला नाही. महानंदानं गच्चीवर कांद्याच्या चकत्या आणि लसणाचे काप वाळत घातले आणि दर थोड्या वेळानं उलथायला वर जायला लागली. वाळले का? वाळले. कुरकुरीत लागतात, पण वास उडाला असेल तर? लसूण जास्त उन्हात कडू होतो, कडू जिभेला कळतं, पण वास? जिन्यात वरच्या मजल्यावरचे कृष्णमूर्ती भेटले आणि म्हणाले, "येनम्मा, काय करताय? जिनाभर बेळ्ळुळ्ळी बेळ्ळुळ्ळी झालंय." बेळ्ळुळ्ळी म्हणजे लसूण. लसणाचा वास जिनाभर आहे हे ऐकून महानंदाला इतका आनंद झाला की तिनं त्यांना रविवारच्या टाकोचं आमंत्रण देऊन टाकलं. कृष्णमूर्ती लसूण खात नव्हते. ते सरी सरी म्हणून घाईघाईनं वर गेले.

ओरेगानोसाठी तिनं खणातली पाकिटं काढली. पिझ्झा मागवला की ती नखाएवढी पाकिटं येतात, ती कोणी टाकत नाही आणि कोणी वापरतही नाही. महांतेशांना कात्री देऊन तिनं पाकिटं कापायला बसवलं. ते कापत होते आणि ती मागं उभी राहून त्यांच्या हातातून ओढून घेत होती, "तसं नव्हे हो, सांडतंय, द्या इकडं." मग परत देत होती. "स्वल्प बस की गं," महांतेश म्हणाले. बसली. लगेच उठली.

"आई, तुम्ही ठीक आहात ना?" मुग्धानं विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, म्हणजे... शुक्रवारी मी घरूनच काम करणार आहे. काही लागलं तर हाक मारा."

"तू तुझं काम कर. माझ्या मसाल्यात कुणी लुडबुडलेलं मला चालत नाही."

शुक्रवार उजाडला. सकवारबाई जेवायच्या सुमाराला येणार होती, के. आर. पुरमहून मेट्रो बदलत. ती यायच्या आत भाजणं उरकून मिक्सरला लावायचं, म्हणजे तिच्या समोर कढई चढवायला नको, असा महानंदाचा बेत होता. महांतेशांना तिनं कोथिंबीर आणायच्या निमित्तानं घराबाहेर काढलं. शिवू ऑफिसला गेला. मुग्धा आतल्या खोलीत इंग्रजीत बोलत होती.

आधी मिरची. ब्याडगी, रंगाची, फारशी तिखट नाही. महानंदानं कढईत टाकली आणि मंद आचेवर हलवायला लागली. रंग गडद होत गेला. आता? की आता? ब्याडगी करपायला वेळ लागत नाही. तिनं मान आतल्या खोलीकडे वळवली. खॉक खॉक. गॅस बंद. "शहाणी माझी," ती पुटपुटली, कुणाला ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग जिरं. बाहेर ढग आलेले, स्वयंपाकघरात उजेड बेताचा. ट्यूब लावली तरी जिऱ्याचा रंग काही नीट दिसेना. जिऱ्याचं असं असतं, रंगावर विसंबलं की फसवतं. भाजलेलं जिरं नाकालाच कळतं. महानंदाचा हात भराभर फिरत होता. आवाज थोडा बदलल्यासारखा वाटला. नसेल बदलला. दारावर सकवारबाई आली की काय? नाही, लिफ्ट वाजली. आता काढावं? अजून जरा? घामानं तिचं कपाळ भिजलं.

खॉक खॉक.

तिनं गॅस बंद केला. जिरं ताटात ओतलं, हुश्श केलं आणि पदरानं तोंड पुसलं. आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

जिऱ्यानं कुणाला ठसका लागतो?

मिरचीनं लागतो. हिंगाच्या फोडणीनं लागेल एखाद्याला. पण जिऱ्यानं? उभ्या जन्मात कुणी जिरं भाजताना खोकल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. आणि मग एकेक करून सगळं तिच्या डोळ्यांपुढं यायला लागलं. गेल्या आठवड्यात धणे भाजले, तेव्हा खोकली होती. खोबरं भाजलं, तेव्हा. शेंगदाण्याला. रव्याला. रव्याला! आणि त्या दिवशी दूध गॅसवर ठेवून ती फुलं वेचत बसली होती, तेव्हा मुग्धा खोकत खोकत पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली होती आणि जाता जाता गॅस बंद करून गेली होती. दुधानं ठसका लागतो का कुणाला?

महानंदा आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. हातात उलथणं होतं. मुग्धा लॅपटॉपसमोर, हेडफोन लावून मान डोलवत होती. सासूला बघून तिनं माइक बंद केला.

"खोक," महानंदा म्हणाली.

"काय?"

"खोक बघू."

"आई, मी कॉलवर—"

"आत्ता का येत नाही खोकला? काही करपत नाही म्हणून?"

मुग्धानं हेडफोन काढून ठेवला. तिचा चेहरा उतरला होता, पण तिनं नजर खाली घातली नाही. याचाच महानंदाला जास्त राग आला.

"कधीपासून?"

"होळीपासून," मुग्धा म्हणाली. "तुम्ही पुरण घाटत होतात. खाली पूर्ण जळलं होतं, घरभर करपट वास होता, आणि तुम्ही कढईजवळ उभं राहून मला सांगत होतात की पुरणाला वेलदोड्याचा वास कसा छान आलाय. वेलदोडा घातलाच नव्हता, आई. पुडी ओट्यावर तशीच होती."

महानंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तू मला सांगितलं नाहीस! तेव्हापासून मला खेळवतेयस. खोकते, आणि मी मूर्ख, गॅस बंद करते. माझ्या घरात मी तुझ्या खोकल्यावर नाचतेय!"

"मग काय करू?" मुग्धाचाही आवाज चढला. "शिवूला सांगू? बाबांना सांगू? त्यांनी तुम्हाला त्या किचनमध्ये पाऊल टाकू दिलं असतं का? तुम्ही लपवत होतात. लपवायचं असेल तर मी कोण सांगणारी? मी नुसती खोकले."

"त्या दोघांना माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"आणि तो काढा? रोज रोज तो काढा कशाला पीत होतीस? खोकला नव्हता तर?"

मुग्धा म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर खोकायचं कारण काय सांगितलं असतं? फार घाण असतो तो काढा, आई. एकदा तुम्ही त्यात काळ्या मिरीऐवजी पपईच्या बिया घातल्या होत्या."

दुसऱ्या कुठल्याही वेळी महानंदा हसली असती. आता तिला हसू आलं नाही, तिला रडू आलं. उलथणं हातात धरून ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पोरीसारखी रडली. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "आत्ता अक्का येईल, चिमूट माझ्यापुढं धरेल आणि विचारेल, सांग काय कमी पडलं. मी काय सांगू? मला दुसरं येतंय काय? शिकले नाही, नोकरी केली नाही, गाणं येत नाही. हे एवढंच येत होतं. हे गेलं तर मी कोण?"

मुग्धा येऊन शेजारी बसली. लॅपटॉपमधून कोणीतरी तिला हाका मारत होतं, मुग्धा, आर यू देअर. तिनं झाकण खाली पाडलं.

"मी सांगेन ना," ती म्हणाली. "तुम्ही हुंगा, मी मागं उभी राहते. कमी असेल तर एकदा खोकते, जास्त असेल तर दोनदा. जिरं, धणे, आपण ठरवून ठेवू. त्यांना कळणार नाही."

महानंदानं तिच्याकडे बघितलं. ही पोर खरंच तसं करायला तयार होती. आयुष्यभर खोकली असती. तेवढ्यात बेल वाजली.

सकवारबाई आत आली ती "हुश्श, काय ते मेट्रोचं जिनं, मरण आलं" म्हणतच. मिरच्यांची पिशवी तिनं दारात आपटली. मसाला करायचा नाही असं सांगूनही आणलीच होती. पाणी प्यायली, महानंदाच्या लाल डोळ्यांकडे बघितलं, "कांदा चिरलास व्हय?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात शिरली. जिरं, मिरची, वाळला कांदा, लसूण, ओरेगानो, सगळं मिक्सरमध्ये गेलं. घरघर झाली. झाकण निघालं. महानंदा ओट्याला टेकून उभी होती आणि मुग्धा दारात, घशाशी हात नेऊन तयार.

सकवारबाईनं चिमूट घेतली, हुंगली, भुवया वर नेल्या. मग दुसरी चिमूट महानंदाच्या तळहातावर ठेवली. "सांग. परदेशी का असंना. काय कमी पडलं?"

महानंदानं हात नाकापर्यंत नेला. डोळे मिटले. नुसती हवा. मागून मुग्धानं श्वास घेतल्याचा आवाज तिला ऐकू आला, आता खोकणार एवढ्यात महानंदानं डोळे उघडले.

"मला विचारू नको, अक्का," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय. फेब्रुवारीपासनं. काही म्हणजे काही कळत नाही. हिंग आणि माती मला सारखी."

सकवारबाईचं तोंड उघडंच राहिलं. "फेब्रुवारीपासनं? आणि मला सांगायलीस आत्ता? मी काय रस्त्यावरची हाय?" तिला खरंच राग आला होता, डोळ्यांत पाणीही आलं होतं.

"भांड मग नंतर. भांडायला पुष्कळ वेळ आहे." महानंदानं दारातून मुग्धाला हाताला धरून ओट्यापाशी ओढलं आणि आपल्या तळहातावरची चिमूट तिच्या नाकापुढं धरली. "हिला विचार."

मुग्धा घाबरली. तिनं सासूकडे बघितलं, सकवारबाईकडे बघितलं, मग वाकून हुंगलं. एकदा, परत एकदा. आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जिरं," ती म्हणाली. "जिरं कच्चं राहिलंय. अगदी थोडं. सॉरी, आई. माझा कॉल होता, मी घाईत... मी लवकर खोकले."

सकवारबाईला यातलं काहीएक कळलं नाही. महानंदा मात्र हसायला लागली. हसता हसता तिनं परत एक मूठ जिरं कढईत ओतलं, गॅस पेटवला आणि उलथणं सुनेच्या हातात न देता स्वतःच्याच हातात घेतलं.

"ये, इथं अशी उभी राहा, माझ्या शेजारी," ती म्हणाली. "आणि खोकायचं नाही आता. तोंडानं सांग."